मुलांच्या फ्री गेम्ससाठी थोडा वेळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या मोबाईलवेडाबद्दल या सदरात बरीच पत्रं येतात आणि त्यातली तक्रार खरीच असते, पण मोबाईल काढून घेतल्यावर मुलांच्या हातात द्यायचं काय याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात प्राथमिक शाळेत शिकवते. देणगीत मिळालेल्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही जीकॉम्प्री नावाचा गेम्सचा संच टाकलाय. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभरावर खेळ आहेत, जाहिरात एकही नाही, एकदा घेतला की नेट लागत नाही आणि पैसे तर अजिबातच नाहीत. २००० साली एका फ्रेंच प्रोग्रामरने हे काम सुरू केलं, तेव्हापासून देशोदेशीचे लोक नोकरीधंदा सांभाळून त्यात भर घालतायत, आज ते केडीई या ओपन सोर्स प्रकल्पाचा, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतो अशा प्रकल्पाचा, भाग आहे.

यात पाण्याच्या चक्राचा एक खेळ आहे. टक्स नावाचा पेंग्विन होडीतून मासे पकडून येतो आणि त्याला अंघोळ करायची असते. त्यासाठी आधी सूर्यावर क्लिक करायचं, मग वाफ होते, ढग येतात, पाऊस पाडायचा, पंप चालू करून पाणी टाकीत चढवायचं, सांडपाण्याचीही सोय लावायची, मग कुठे शॉवर सुरू होतो. चौथीतला एक मुलगा नुसताच शॉवर दाबत बसला होता तर शेजारची म्हणाली, "अरे पण पंप कोण चालू करणार?" आमच्याकडे टँकर येतो. टाकीत पाणी आपोआप येत नाही हे या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही, पण ते आधी कुठून येतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं हे त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा कोणीतरी आपणहून विचारलं.

अडचण एवढीच की ज्या सूचनेचं मराठी भाषांतर झालेलं नसतं ती स्क्रीनवर इंग्रजीत येते, मग मी प्रत्येकाच्या मागे उभी राहून वाचून दाखवते, आणि पंचवीस पोरांत ते कितीसं जमणार. आवाजाचं काम त्याहून नाजूक आहे, कारण अक्षरं, आकडे, रंग सगळं माणसाच्या आवाजात हवं असतं आणि प्रत्येकाची वेगळी छोटी फाईल करावी लागते. चाक मधला च वेगळा, चार मधला वेगळा, तसंच जाळं आणि जीभ, हे मराठी बोलणाऱ्या माणसाने बोललं तरच नीट येतं. आणि आकड्यांचं काय? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जागी वीस एक, वीस दोन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मग गेममध्ये एकवीस म्हणायचं का वीस एक हे फ्रान्समधला प्रोग्रामर कसा ठरवणार, ते पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंनी नाहीतर गुरुजींनीच सांगायला हवं. म्हणजे या कामाला कोडिंग येणारेच लागतात हा समज काढून टाका. स्पष्ट उच्चार असलेले निवृत्त शिक्षक, आजी-आजोबा, चित्रं काढणारी कॉलेजची मुलं, सगळ्यांना यात जागा आहे.

कोडिंग येणाऱ्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तीच ती हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर लायब्ररी सिस्टीम करून ती सीडी कपाटात जाते, त्यापेक्षा लहान मुलांसाठी एक खेळ लिहा ना! जीकॉम्प्रीचे खेळ क्यूएमएल आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषांत लिहिलेले आहेत, आणि गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स कामासाठीच्या गूगलच्या उपक्रमातून भारतातल्या विद्यार्थ्यांनी त्यात आधी काम केलेलं आहे. कॉलेजांनी असं काम प्रोजेक्ट म्हणून धरलं तर खर्च काहीच नाही आणि मुलांनाही खऱ्या प्रकल्पात काम केल्याचा अनुभव मिळेल. फक्त एक करा, खेळ तयार झाला की तो आधी एखाद्या जिल्हा परिषद शाळेत पोरांसमोर ठेवा, कुठे अडतंय ते ती पाच मिनिटांत दाखवतात.

डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) किंवा एखाद्या कॉलेजने मे महिन्याच्या सुट्टीत दोन दिवसांची कार्यशाळा घेतली तर एक शिक्षक, एक प्रोग्रामर आणि एक आवाज देणारा असे गट करून बरंच काम पुढे सरकेल. जागा, लॅपटॉप आणि दुपारचं जेवण आमच्या शाळेकडून.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा