हिरडी कापण्याआधी हाड पाहा

महोदय,

हसताना जास्त दिसणाऱ्या हिरड्या शस्त्रक्रियेने वर घेण्यापूर्वी रुग्णाला संगणकाच्या पडद्यावर त्याचे भावी हसू दाखवले जाते आणि पुष्कळदा तेवढ्यालाच डिजिटल नियोजन समजले जाते. हिरड्यांचे उपचार करणारा दंतवैद्य म्हणून मला हा समज घातक वाटतो, कारण हिरडी कुठे स्थिरावणार हे छायाचित्रावर नव्हे, तर तिच्याखालच्या हाडावर ठरते.

हाडाच्या कडेवर हिरडी दाताला चिकटून राहते तो पट्टा सरासरी 2 मिलिमीटरचा असतो. हाड दाताच्या इनॅमलच्या, म्हणजे वरच्या कठीण आवरणाच्या, सीमेला जवळजवळ भिडलेले असताना नुसती हिरडी कापली, तर ती पुन्हा खाली उतरते आणि सारा खटाटोप वाया जातो. म्हणून तोंडाचे डिजिटल स्कॅन आणि सीबीसीटी (जबड्याचे हाड त्रिमितीत दाखवणारा क्ष-किरण स्कॅन) हे दोन्ही संगणकात एकमेकांवर जुळवून पाहायला हवेत. सीबीसीटी काढताना ओठ हिरडीपासून दूर धरले, तर हिरडीची जाडीही स्पष्ट दिसते; काम अगदी साधे, पण नेमके तेच राहून जाते.

थ्रीडी प्रिंटरचा खरा उपयोग यानंतर सुरू होतो. नियोजित दातांच्या छापील नमुन्यावरून घेतलेल्या साच्यात तात्पुरते रेझिन भरून तो तोंडात बसवला, की दाताच्या रंगाचा थर हिरडीच्या कडेवर चढतो. रुग्ण बोलून, हसून, आरशात पाहून घेतो आणि दात फार लांब वाटत असतील तर एकही छेद घेण्याआधी तसे सांगू शकतो. शस्त्रक्रियेसाठी छापलेल्या मार्गदर्शक पट्टीला दोन कडा ठेवता येतात : एक हिरडी कुठे कापायची ते दाखवणारी, दुसरी हाड कुठवर कमी करायचे ते. ही पट्टी दातांवर जराही डुगडुगली, तर मात्र दोन्ही मापे चुकतात.

हिरड्या दिसण्याचे कारण आखूड किंवा जास्त उचलला जाणारा ओठ, अथवा वरच्या जबड्याची उंची हे असेल, तर केवळ हिरडीच्या शस्त्रक्रियेने ते दूर होत नाही, मग नियोजन कितीही देखणे असो. हे निदान आधी व्हावे आणि संमतिपत्रात नमूद असावे. समोरच्या दातांवर कायमच्या कॅप बसवायच्या असल्यास हिरडी स्थिरावण्यासाठी साधारण 3 ते 6 महिने थांबावे लागते, तेही रुग्णाला लेखी कळवावे. तो अवधी कोणत्याही प्रिंटरने कमी होत नाही.

आपला,
एक दंतवैद्य