गाळपाआधी एक करार मुलांसाठीही करा

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: ऊसतोडीसाठी परराज्यात जाणाऱ्या सहा वर्षांखालील मुलांकरिता कर्नाटक व गुजरातशी लेखी करार करण्याबाबत

मा. महोदय,
स.न.वि.वि.

नोकरीत होते तेव्हा असली पत्रं 'योग्य त्या मार्गाने' पाठवावी लागायची आणि तो मार्ग बहुतेक वेळा कुणाच्या तरी टेबलावर संपायचा. आता निवृत्त आहे, म्हणून उघडपणे लिहिते. मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. दसरा-दिवाळी झाली की माझ्या बीटमधल्या (माझ्याकडे देखरेखीला असलेल्या अंगणवाड्यांच्या) वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच उरायचं.

अंगणवाडीत प्रत्येक मुलाच्या वजनाचा आलेख असतो. ऊसतोड घरातल्या मुलाचा आलेख लांबूनही ओळखू येतो. ऑक्टोबरपर्यंत महिन्याला एक ठिपका, पुढचे पाच महिने कोरे आणि मग थेट एप्रिलचा ठिपका, तोही बऱ्याचदा एक रंग खाली. जाताना हिरव्या पट्ट्यात असलेलं पोर येताना पिवळ्यात असतं, पिवळ्यातलं नारिंगीत. मग आम्ही त्याला कुपोषित मुलांसाठीच्या ग्राम बालविकास केंद्रात घालतो, वजन जरा सावरतं आणि तोवर पुन्हा दसरा येतो. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय. आम्ही दरवर्षी अहवालात 'स्थलांतरित' असा शेरा मारतो आणि आमच्या बाजूने विषय संपतो.

वजन निदान काट्यावर दिसतं, बाकीचं दिसतही नाही. निवृत्तीनंतर मी बेळगाव जिल्ह्यातल्या काही फडांवर, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतांवर, जाऊन आले. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते आणि अंधारातच ट्रॉलीत बसते. दीड वर्षाचं मूल पाचटावर धडुतं टाकून निजवलेलं असतं, त्याच्यावर नजर ठेवायला सात वर्षांची बहीण. ते जागं झालं, रडलं की ती उसाचं कांडकं सोलून त्याच्या हातात देते. आई हाकेच्या अंतरावर असते. पण मोळ्या बांधून गाडी भरल्याशिवाय तिला मान वर करता येत नाही. त्या मुलाशी दिवसभरात मोठ्या माणसाने बोललेली वाक्यं मोजायची म्हटली तर हाताची बोटं पुरतील. मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते असं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आपणच लिहून ठेवलंय. आमच्या भागातल्या मुलाची त्या सहा वर्षांतली निम्म्याच्या आसपास फडात जातात.

कायदा कमी पडतो असं नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला; मूल आपल्याच गावात असलं पाहिजे अशी अट त्यात नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर मुलाची नोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवण्याची सोयही आहे. पण सोय असणं निराळं आणि ती फडापर्यंत पोचणं निराळं. टोळी आज एका शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. कोपी (मजुरांची झोपडी) कुठल्या अंगणवाडीच्या हद्दीत येते हे ना आईला माहीत, ना तिथल्या सेविकेला. मी गेले तिथली एक कन्नड सेविका दारात आलेल्या पोरांना ताट देत होती, पण रजिस्टरला नाव नसल्यामुळे ते आपल्या हजेरीतल्या मुलांच्या वाट्यातून. किती दिवस देणार? मला कन्नड येत नाही, तिला मराठी बेताचंच. तरी तिचा प्रश्न मला नीट कळला: या मुलांचं धान्य कोण पाठवणार?

खरी अडचण तीच आहे आणि ती ॲपने सुटणारी नाही. पूरक पोषण आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. बीडचं मूल अथणीला जेवलं तर राज्याचा निम्मा कर्नाटकाच्या खिशातून जाणार आणि कर्नाटकाने तो का द्यावा हे त्यांना कुणी लेखी सांगितलेलं नाही. इकडे मूल गावात नसतं तेवढे महिने आपला निम्मा वाचतो. माझं म्हणणं साधं आहे: मूल ज्या राज्यात मुक्कामाला आहे त्या राज्याने त्याला वजनकाट्यावर घ्यावं, जेवू घालावं आणि मूळ राज्याने आपला वाटा त्यांच्याकडे वळता करावा. रेशनच्या बाबतीत 'एक देश, एक रेशन कार्ड' देशभर लागू झालंच ना? मोठ्यांचा गहू-तांदूळ सीमा ओलांडू शकतो, मग लहानग्यांचा आहार का अडावा?

मुलं कुठे जाणार ते आधी कसं कळणार, असं आपले अधिकारी विचारतील. साहेब, साखर कारखान्याला ते आधीच ठाऊक असतं. पावसाळ्यातच मुकादमाशी करार होतो, उचल (आगाऊ रक्कम) दिली जाते, कुठल्या गावचे किती कोयते (तोडणाऱ्या जोड्या) येणार याची यादी कारखान्याच्या शेती विभागाकडे तयार असते. त्या यादीत सहा वर्षांखालील मुलांचा एक रकाना वाढवला की ऑगस्टमध्येच आकडा हातात येतो. आपल्या खात्याला जी माहिती मिळत नाही म्हणून इतकी वर्षं ओरड चालली आहे, ती सहकार आणि साखर खात्याच्या कागदांत दरवर्षी पडून असते. याला काय म्हणावं?

वेळेचा मुद्दा मी मुद्दाम ताणून सांगते आहे. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात म्हटलं होतं की वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुलं असतील तर मागणीनंतर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुक्कामाच्या जागी, 40 मुलं सहज भरतात. पण मागणी नोव्हेंबरात केली तर तीन महिन्यांनी फेब्रुवारी उजाडतो आणि थोड्याच दिवसांत पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. हंगामी अंगणवाडीची तयारी गाळपाआधी झाली तरच तिचा उपयोग.

आता दोन राज्यांना एका टेबलाशी कसं बसवायचं. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा स्थापन झाल्या. गुजरात आणि आपण पश्चिम परिषदेत एकत्र आहोत, तेव्हा नंदुरबार-धुळ्याहून बारडोली-सुरतेकडे जाणाऱ्या आदिवासी मुलांचा विषय तिथे सरळ मांडता येईल. कर्नाटक मात्र दक्षिण परिषदेत. आपल्याकडे सीमाप्रश्न म्हटलं की सगळ्यांना एकच वाद आठवतो, त्यामुळे या बाबतीत पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावरच घोडं अडत असावं. पण वेगवेगळ्या परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद त्याच कायद्यात आहे. आणि तेवढं थांबायचं नसेल तर दोन खात्यांच्या सचिवांनी सामंजस्य करार करायला कुणाची ना नाही.

करारात फक्त आहार नको. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचं पाकीट देऊन भागत नाही, त्याला दिवसा सांभाळणारं माणूस लागतं. कर्नाटकाने 2023-24 मध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतीत 'कूसिन मने' नावाची पाळणाघरं सुरू केली. केंद्राची पाळणाघरांची 'पालना' योजनाही आहेच. फडाजवळ अशी जागा झाली आणि टोळीतल्याच एका बाईला मजुरी देऊन तिथे मदतनीस नेमलं तर भाषेचा प्रश्नही सुटेल. आमच्याकडची बरीच मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, तिकडच्या लमाणी तांड्यांवरही तीच बोली आहे. शोधलं तर त्याच तालुक्यात त्या मुलांशी बोलणारी सेविका सापडेल.

दुसऱ्याकडे मागताना आपलं अंगण झाडलेलं असावं. मध्य प्रदेशातल्या बडवानीकडून ऊस तोडायला माणसं आपल्या कारखान्यांवर येतात, त्यांच्याबरोबर मुलंही येतात. त्यांच्यासाठी याच हंगामात सोय करायला कुणाच्याही संमतीची वाट पाहायची गरज नाही. ती आधी करा, म्हणजे बंगळूर आणि गांधीनगरशी बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल.

गाळप कधी सुरू करायचं हे ठरवायला दरवर्षी मंत्री समितीची बैठक होते. ऊस किती, उतारा किती, कारखाने किती, सगळं तिथे मांडलं जातं. येत्या बैठकीला आपल्या खात्याचा एक अधिकारी मुलांच्या आकड्यासह बसवावा आणि तो आकडा त्याच आठवड्यात शेजारच्या दोन्ही राज्यांना लेखी कळवावा, ही विनंती. यादी कशी करायची, कुठल्या गावात कुणाला विचारायचं, हे सांगायला माझ्यासारख्या निवृत्त पर्यवेक्षिका बीडमध्ये पुष्कळ आहेत. बोलावलंत तर मानधनाशिवाय येऊ.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, जि. बीड