ताब्याच्या दाव्यात मुलाचं ऐकायला कोणी आहे का? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाटात एक वेगळी फाइल असते. आईवडील विभक्त झालेल्या विद्यार्थ्यांच्या कोर्टाच्या आदेशांच्या झेरॉक्स तिच्यात लावलेल्या असतात. कोणत्या शनिवारी कोणी न्यायचं, दिवाळीची नि मे महिन्याची सुट्टी कोणाकडे किती, वाढदिवसाला किती तास. शाळेच्या गेटवर दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली की शिपाई ती फाइल आणायला धावतो. ते कागद मी पुष्कळदा वाचले आहेत. आईचं म्हणणं त्यांत असतं, वडिलांचं असतं, कोणाचा पगार किती, घरात आजी आहे की नाही, हेही असतं. मूल काय म्हणालं, हे मात्र क्वचितच सापडतं.

मूल कोणाकडे राहायचं, म्हणजे त्याच्या ताब्याच्या दाव्यात, कायद्याने मुलाला अगदीच वगळलेलं नाही. पालक व पाल्य अधिनियम १८९० सालचा. त्याच्या कलम १७ मध्ये म्हटलं आहे की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २६ तर शक्य असेल तिथे मुलांच्या इच्छेला धरून व्यवस्था करायला सांगतं. मुलं म्हणजे आईवडिलांची मालमत्ता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच बजावलं. २००८ च्या एका प्रकरणात खालच्या न्यायालयांनी मुलाची इच्छा जाणून घेतली नव्हती, यावर त्याच न्यायालयाने बोट ठेवलं आणि न्यायमूर्तींनी मुलाला स्वतःच्या दालनात बोलावून विचारलं. मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात आपला देश १९९२ पासून सामील आहे. आणि गुन्ह्याचा आरोप असलेल्या किंवा निराधार मुलांसाठीच्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने त्याखालच्या प्रत्येक प्रक्रियेत आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क बालकाला दिला. म्हणजे चोरीच्या आरोपाखाली आणलेल्या मुलाचं ऐकणं बंधनकारक आहे. ज्याने काहीच केलेलं नाही, फक्त ज्याचं घर मोडलं, त्याचं ऐकायचं की नाही हे त्या दिवशी समोर बसलेल्या न्यायाधीशांवर. हे मला अजिबात पटत नाही.

न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्या दिवशीच्या खटल्यांचा बोर्ड भरलेला असतो, बाहेर वकील खोळंबलेले असतात. त्यातून मुलाला आत घेतलं तरी मिळतात पाच-दहा मिनिटं, आणि त्या मिनिटांत बहुधा एकच प्रश्न येतो: तुला कोणाकडे राहायचंय? दाराबाहेर आई एका बाकावर, वडील दुसऱ्या बाकावर. अशा वेळी मूल काय बोलणार? ते गप्प बसतं, नाहीतर सकाळी रिक्षात पढवलेलं वाक्य म्हणून मोकळं होतं. मग ‘मुलं पढवलेली असतात, त्यांचं काय ऐकायचं’ असं म्हणायला सगळे तयार! पढवली जातात, हे खरंच आहे. म्हणून तर ऐकायला तयारीचा माणूस हवा, एकाहून अधिक वेळा हवा आणि दोन्ही पालक आसपास नसताना हवा.

मुलांच्या मनात काय असतं, ते वर्गात कळतं. सहावीतला एक मुलगा खो-खोत तरबेज होता. वडिलांची भेट पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, जिल्ह्याच्या कोर्टाच्या आवारात. सराव आणि सामने नेमके शनिवारी. मला म्हणाला, “बाई, बाबांना भेटायला आवडतं मला. पण रविवारी भेटलो तर नाही का चालणार?” इतकंच मागणं. पण वार बदलायचा तर आईने किंवा वडिलांनी अर्ज करायला हवा, आणि एकाने अर्ज केला की दुसऱ्याला त्यात डाव दिसतो. कोणीच केला नाही. पोराचं नाव संघातून गेलं. त्या वर्षी मुक्कामी सामन्यांना संघ गेला, तेव्हा तो तिसऱ्या बाकावर बसून भूगोलाची वही पूर्ण करत होता.

दुसरी एक मुलगी सुट्टीत वडिलांकडे जायलाच तयार नव्हती. आईनेच तिच्या मनात भरवलं, असं वडिलांच्या वकिलांनी ठामपणे मांडलं. खूप दिवसांनी ती माझ्याजवळ बोलली. त्या घरी काकांची मोठी मुलं होती आणि तिला कपडे बदलायला कडी लागणारी खोली नव्हती. वडिलांवर तिचा राग नव्हताच. एक कडी बसवून सुटणारा प्रश्न तारखांवर तारखा घेत राहिला. कधी कधी नकारामागे मारहाण असते, त्याहून वाईटही असतं. तेही असंच, धीराने विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

मूल म्हणेल तसा निकाल द्या, असं माझं मागणं नाही. आई की बाबा, हा निवाडा बारा वर्षांच्या जिवाच्या डोक्यावर ठेवणं ही क्रूरता आहे. पण भेट कुठे, कोणत्या वारी, मुक्काम करायचा की संध्याकाळी परतायचं, फोन कधी, बरोबर कोण असावं, यावर त्याच्याइतकं नेमकं कोणीही सांगू शकणार नाही.

मुंबई-पुण्यात कौटुंबिक न्यायालयं आहेत, तिथे विवाह समुपदेशक असतात. कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ चा. दहा लाखांहून मोठ्या शहरांसाठी असं न्यायालय स्थापन करणं त्याने राज्याला बंधनकारक केलं, इतर ठिकाणी राज्याला गरज वाटेल तसं. समुपदेशक किती आणि कोणत्या प्रकारचे, हेही उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य सरकारच ठरवतं. म्हणजे किल्ली आपल्या खात्याकडे आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथल्या मुलांचे दावे जिल्हा न्यायालयात चालतात आणि तिथे या कामासाठी नेमलेला समुपदेशक नसतो. प्रत्येक जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय उभं राहायला वेळ लागेल, हे समजू शकते. तोवर मुलांशी बोलण्याचं शिक्षण घेतलेला एक समुपदेशक आठवड्यातले ठरावीक दिवस तरी जिल्हा न्यायालयात बसवता येईल. त्याला वेगळी खोली द्या, जिथे पोलीस आणि आरोपींच्या रांगेतून जावं लागणार नाही.

उच्च न्यायालयाकडे आपण एक आग्रह धरावा. ताब्याच्या आणि भेटीच्या प्रत्येक आदेशात मुलाचं म्हणणं काय होतं ते नोंदवलेलं असावं, विचारलं नसेल तर का नाही हे लिहावं. निकाल मुलाला त्याच्या भाषेत समजावून सांगायची जबाबदारीही कोणावर तरी हवी. आज तो त्याला चिडलेल्या आईकडून नाहीतर हरलेल्या बापाकडून कळतो. आणि वर्षातून एकदा समुपदेशकाने त्याला पुन्हा भेटावं. आठव्या वर्षी बसवलेली घडी चौदाव्या वर्षी कशी चालेल?

येत्या अर्थसंकल्पात जिल्हा न्यायालयांतल्या समुपदेशकांच्या पदांसाठी तरतूद होणार आहे का आणि पहिल्या वर्षी कोणत्या जिल्ह्यांत, एवढं लेखी कळवावं. आपलं उत्तर मी शाळेच्या पालक सभेत वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका