‘मन्मथ’ बालाघाटातला आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुर्मीळ नावांवर जो लेख आला, त्यात ‘मन्मथ’ या नावापुढे ‘मदनाचे नाव, मुख्यतः बंगालमध्ये आढळते’ एवढी एकच ओळ आहे. अर्थ कोशातला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बीड, लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या वाचकाला ती ओळ वाचून हसू आले असेल. अंबाजोगाई-केजपासून चाकूर, अहमदपूर, उदगीरपर्यंत लिंगायत वस्तीच्या गावांत कुणीतरी मन्मथअप्पा असतातच. पुण्या-मुंबईत मात्र हे नाव सांगितले की दोनदा सांगावे लागते, हेही खरे.

आधी शब्दाकडे पाहू. मनाला मथतो, घुसळून काढतो तो मन्मथ. अमरकोशात मदनाच्या नावांची ओळच ‘मदनो मन्मथो मारः’ अशी सुरू होते. आता गंमत अशी की या मदनाला शंकराने तिसरा डोळा उघडून जाळले आणि आपल्याकडे हे नाव ठेवतात ते गळ्यात इष्टलिंग बांधणारे शिवभक्त. कोशातून नाव निवडले असते तर असे झाले नसते. नाव आले ते मन्मथस्वामींवरून. सोळाव्या शतकातले हे मराठी वीरशैव संतकवी. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध ग्रंथ शिवनाम सप्ताहात आजही पारायणाला लावतात आणि त्यांच्या अभंगांत ‘मन्मथ’ हीच नाममुद्रा, म्हणजे कवीची सही, येते. समाधी कपिलधारला, बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाट डोंगररांगेच्या दरीत. कार्तिकात तिथे यात्रा भरते, मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून पायी दिंड्या येतात. या दिंड्या जिथून निघतात तिथे हे नाव सापडते. दिंडीची वाट संपते तिथे नावही संपते. एका नावाचा इतका सरळ नकाशा क्वचित मिळतो.

म्हणजे घरात मुलाचे नाव मन्मथ ठेवणाऱ्या माणसाच्या मनात कामदेव नसतो. नामदेव, एकनाथ, तुकाराम ही नावे जशी ठेवतात तसेच हे. कपिलधारला नवस बोललेला असतो, मूल कार्तिकात झालेले असते, किंवा आजोबा-पणजोबांचे नाव वारलेल्या माणसाची आठवण म्हणून पुन्हा चालवायचे असते. हे तिसरे कारण सर्वांत जास्त दिसते. घरातली बाकीची नावे पाहिली तरी ओळ लागते: शिवलिंग, महालिंग, संगमेश्वर, वीरभद्र, काशिनाथ, नागनाथ. ज्यांच्याकडे राशीवरून अक्षर काढतात त्यांच्यासाठी सांगायचे तर ‘म’ अक्षर मघाच्या पहिल्या चरणाचे, रास सिंह.

काही जण हे नाव संवत्सरावरून आले असे सांगतात. साठ संवत्सरांत मन्मथ एकोणतिसावे, हे बरोबर. शके १९३७ हे मन्मथनाम संवत्सर होते, म्हणजे २०१५ चा गुढीपाडवा ते २०१६ चा. त्याआधीचे शके १८७७, म्हणजे १९५५-५६. पण या नावाची माणसे मधल्या सगळ्या वर्षांतली आहेत, आणि प्रभव किंवा दुर्मुख नावाचे अप्पा काही कुठे भेटत नाहीत. तेव्हा ही उपपत्ती सोडून द्यावी.

बंगालचे म्हणाल तर तिथला प्रकारच वेगळा. तिथे बहुधा ‘मन्मथनाथ’ असते. काकोरी कटात शिक्षा झालेले क्रांतिकारक मन्मथनाथ गुप्त हे काशीतल्या बंगाली घरातले. ‘नाथ’ जोडला की अर्थ उलटतो: मदन नव्हे, मदनाचा स्वामी. भागवताच्या दशम स्कंधात, रासाच्या प्रसंगी, कृष्णाला ‘साक्षान्मन्मथमन्मथः’ म्हटले आहे, मदनालाही मोहात पाडणारा. तिकडच्या नावाला हा सगळा आधार आहे. आपल्याकडे ‘नाथ’ लागत नाही, ‘अप्पा’ लागतो किंवा ‘राव’. एकच शब्द, पण दोन वेगळ्या विहिरींचे पाणी.

हे झाले मूळ. या नावाचे हाल कागदावर होतात, आणि नाव दुर्मीळ असल्यामुळे ते जास्त होतात. रमेश चुकला तर कारकून स्वतःच दुरुस्त करतो. मन्मथ चुकला आहे हे त्याला कळतच नाही.

पहिली चूक बोलण्यातली. शेवटचा महाप्राण, म्हणजे थ मधला ह-कार, आपल्या बोलीत टिकत नाही, म्हणून थ चा त होतो आणि ‘मनमत’ ऐकू येते. त्यात सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही ही जुनी रीत. आजोबांचे नाव नातवाला ठेवले की आई त्याला ‘अप्पा’ किंवा ‘बाळू’ म्हणून हाक मारते. नाव घरात उच्चारलेच जात नाही. शाळेत घालायच्या दिवशी ते दुसरेच कुणी सांगते आणि गुरुजी ऐकतील तसे लिहितात.

दुसरी चूक टायपिंगची, आणि ती बोटाइतकी नेमकी दाखवता येते. इनस्क्रिप्ट या देवनागरी टायपिंगच्या कळफलकावर ‘मन्मथ’ लिहायला सी, व्ही, डी, सी आणि मग शिफ्ट दाबून एल. डी म्हणजे हलन्त, अक्षर अर्धे करणारी खूण. ती कळ सुटली की ‘मनमथ’. शिफ्ट नीट दाबली गेली नाही की थ ऐवजी त, म्हणजे ‘मन्मत’. दोन्ही राहिले की ‘मनमत’. इंग्रजी कागदावरून मराठी यादी आपोआप तयार झाली असेल तर टी-एच चा कधी थ होतो, कधी ठ, म्हणून ‘मनमठ’ही दिसतो. मोबाइलने शहाणपण करून ‘मनमाड’ केलेलेही पाहायला मिळते. तिथे निदान चूक लगेच लक्षात येते.

तिसरी चूक ‘अप्पा’ची. जुन्या पिढीत ‘मन्मथअप्पा’ हे अख्खे एकच नाव. फॉर्मवर तीन चौकटी असतात: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. मध्ये जागा सोडून ‘मन्मथ अप्पा’ लिहिले की ‘अप्पा’ वडिलांच्या चौकटीत जाऊन बसतो. वडील शिवलिंगअप्पा असतील तर पुढे दोन अप्पांचा गोंधळ. अप्पा ठेवायचा असेल तर जोडून लिहावा. नव्या पिढीत ठेवायचा नसेल तर जन्मदाखल्यापासूनच सोडावा. अर्ध्या कागदांवर आहे, अर्ध्यांवर नाही, हे सर्वांत वाईट.

चौथी जुन्या दप्तरातली. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे महसुलाचे कितीतरी कागद उर्दूत. तिथे हे नाव ‘मीम’, ‘नून’, ‘मीम’, ‘ते’ आणि ‘दोचश्मी हे’ (ह-काराचे अक्षर) या अक्षरांनी लिहितात. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, म्हणून न अर्धा की पूर्ण हे लिपीच सांगत नाही. घाईच्या लिखाणात नुक्ते (अक्षराचे ठिपके) सुटतात आणि नुक्ता नसलेला तोच दाता (अक्षराचा दातासारखा उंचवटा) न, त, ब, प, य यांपैकी काहीही वाचता येतो. शेवटचा ‘हे’ सुटला की पुन्हा ‘मनमत’. भाषांतर करणाऱ्याला हे नाव माहीत नसेल तर तो भलतेच वाचतो. भाषांतराला कागद देताना घराण्यातली माहीत असलेली नावे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यावीत. वाचणारा त्यावरून जुळवतो. फसवणूक नव्हे ती, सोय आहे.

हे सगळे अंगाशी येते ते जात पडताळणीच्या वेळी. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद किंवा खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद). एका कागदावर ‘मनमत’, दुसऱ्यावर ‘मन्मथअप्पा’, तिसऱ्यावर नुसते ‘अप्पा’ असेल तर वंशावळ तिथेच अडते. तेव्हा सगळी रूपे जशीच्या तशी नमूद करून ती एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे. एकही रूप गाळू नये. गाळलेलेच नेमके पुढे येते.

नव्या बाळासाठी उपाय सोपा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव त्यात तेव्हाच घालणे सक्तीचे नाही. बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते, त्यापुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा तोंडी सांगू नका, मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि दाखला छापण्याआधी पडद्यावर वाचून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार आहे, म्हणून त्यातला न अर्धाच हवा. चूक राहिलीच तर त्याच निबंधकाकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती मागावी. अशा लेखनाच्या चुकीसाठी लोक थेट राजपत्रात नाव बदलून घेतात. त्याने जुनी चूक कायम राहते आणि वर आणखी एक कागद सांभाळावा लागतो.

दहावीच्या मुलांसाठी मंडळाकडून शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे तपासायची नावांची यादी, येते. ती मुलाने स्वतः वाचावी, शिक्षकांवर सोडू नये. प्रमाणपत्र छापल्यावर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावे लागते: लातूर, धाराशिव, नांदेडकरांना लातूरला, बाकीच्यांना छत्रपती संभाजीनगरला. सातबारावरच्या लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज चालतो. सोबत जुना हस्तलिखित उतारा जोडावा, कारण बरेचदा हातच्या उताऱ्यात नाव बरोबर असते आणि संगणकावर चढवताना बिघडलेले असते.

अलीकडे काही घरांत हेच नाव ‘मनमीत’ वगैरे करून ‘आजचे’ केले जाते. ज्याचे त्याचे स्वातंत्र्य, पण मग ते कपिलधारचे नाव उरत नाही. अर्थ कोणी विचारला तर ‘मदन’ सांगून लाजायचेही कारण नाही. स्वामींचे नाव आहे एवढे सांगितले की पुरते.

आपल्या लेखातली ‘मुख्यतः बंगालमध्ये’ ही नोंद दुरुस्त करावी ही विनंती. दुरुस्ती छापताना न अर्धा आहे ना ते पाहावे. मूळ लेखात हे नाव तीनदा आले आहे, त्यांपैकी दोनदा ‘मनमथ’ छापले आहे.

आपले,
जुनी दप्तरे व वंशावळी वाचणारे काही वाचक, अंबाजोगाई