बँकॉकचे जुने शहर अर्ध्या दिवसात उरकू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की वृत्तपत्रांत 'थायलंड : चार रात्री, पाच दिवस' अशा जाहिराती झळकू लागतात. दर वेगवेगळे, कार्यक्रम मात्र बहुतेकांचा एकच : दोन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक. मुंबईहून रात्री निघालेले विमान पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरते, तिथून बस थेट पट्टायाला जाते. शेवटचा दिवस परतीच्या विमानाचा. बँकॉकच्या वाट्याला उरतो जेमतेम दीड दिवस, आणि त्यातलाही मोठा भाग सफारी पार्क आणि मॉल खातात. जुन्या शहरासाठी राहते ती 'हाफ डे सिटी टूर'. तीत सोन्याचा बुद्ध, संगमरवरी देऊळ आणि न चुकता रत्नांचे दालन. पहिल्या राम राजाने १७८२ मध्ये चाओ फ्राया नदीच्या पूर्वकाठी वसवलेली राजधानी, तिचा राजवाडा, वाट फो (थाई भाषेत वाट म्हणजे देऊळ), पलीकडच्या काठावरचे वाट अरुण हे सगळे जाहिरातीत 'ऑप्शनल' या शब्दाखाली जाते.

सोन्याचा बुद्ध पाहण्यासारखा नाही असे कोण म्हणेल? साडेपाच टन वजनाची ती मूर्ती शतकानुशतके गिलाव्याखाली लपली होती आणि १९५५ मध्ये हलवताना गिलावा फुटला तेव्हा आतले सोने दिसले. पण ती यादीत पहिली येते त्याची कारणे वेगळी आहेत. तिकीट स्वस्त, पाऊण तासात काम होते, कपड्यांवरून कुणाला दारात अडवले जाण्याची शक्यता कमी. राजवाड्याचे तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट (थायलंडचे चलन), वेळ किमान दोन तास, आणि चाळीस जणांच्या गटात चार जण तरी हाफ पँटीत असतात. शिवाय रत्नांच्या दालनात बस थांबवली की कुणाला तरी दलाली मिळते, राजवाड्यासमोर थांबवून मिळत नाही. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : राजवाड्याचे तिकीट दरात धरले आहे का, तिथे किती तास देणार आणि वाटेत दुकानांचे थांबे किती.

ज्यांना स्वतः जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने लिहितो.

राहायला बहुतेक मराठी मंडळी प्रातूनाम किंवा सुखुमवित भागात उतरतात. खोली स्वस्त, भारतीय जेवण हाकेच्या अंतरावर, खरेदीही तिथेच. मात्र तिथून जुन्या शहरात टॅक्सीने निघालात की अंतर सात-आठ किलोमीटर आणि वेळ पाऊण तास ते दीड तास. बँकॉकची वाहतूक तुंबते ती गाड्यांच्या संख्येने जितकी, तितकीच रस्त्यांच्या रचनेमुळे. मोठ्या रस्त्यांना फुटणाऱ्या लांबलचक गल्ल्या, ज्यांना तिथे सोई म्हणतात, बऱ्याचदा पुढे बंद असतात. आडवाटेने सटकायची सोय नाही, सगळे पुन्हा मोठ्या रस्त्यावरच येतात. सोईंचे विषम क्रमांक एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडची मोजणी बरोबरीने चालत नाही. २१ च्या समोर २२ असेल असे गृहीत धरून रस्ता ओलांडू नये. जुने शहर हाच हेतू असेल तर भुयारी रेल्वेच्या निळ्या मार्गावर सम योत किंवा वाट मंगकोन स्थानकाजवळ, नाहीतर नदीकाठी सफान ताकसिन स्थानकाजवळ खोली घ्यावी. चार पैसे जास्त जातील, पण रोजचे दोन तास वाचतील.

विमानतळावरून शहरात यायला रेल्वे सर्वांत बरी : पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालते, फाया थाईपर्यंत ४५ बाट आणि अर्धा तास. मक्कासानला उतरले की भुयारी रेल्वे चालत गाठता येते. पैसे बदलायचे तर सामान घेतो तिथल्या काउंटरवर नको. तळमजल्याच्या खाली, रेल्वेच्या दाराशी असलेल्या खिडक्यांवर दर चांगला मिळतो. रुपयांपेक्षा डॉलर न्यावेत आणि नोटा कोऱ्या असाव्यात. एटीएम परदेशी कार्डावर दर खेपेला दोनशेहून जास्त बाट कापते, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच काढावेत, आणि यंत्राने 'रुपयांत हिशेब करू का' असे विचारले तर नाही म्हणावे. टॅक्सीच घ्यायची असेल तर पहिल्या मजल्यावरच्या यंत्रातून निघणारी चिठ्ठी घ्या आणि ती शेवटपर्यंत चालकाला देऊ नका. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, विमानतळाचे ५० वेगळे, उन्नत मार्गाचा टोल प्रवाशाने भरायचा. ही लूट नव्हे, नियम आहे. मीटर न लावता आकडा सांगणे ही लूट.

राजवाड्याला जायला आमची पसंती नदीला. स्काय ट्रेनने, म्हणजे उन्नत रेल्वेने, सफान ताकसिनला उतरायचे, जिना उतरले की समोर साथोर्नचा धक्का. तिथे निळ्या झेंड्याच्या पर्यटक-बोटीची तिकिटे विकणारे मोठ्याने हाका मारतात. त्यांच्याकडे न बघता नारिंगी झेंड्याची बोट कुठे लागते ते विचारा. तिला कुठेही उतरा, १६ बाट. बोट धक्क्याला मागच्या बाजूने टेकते, खलाशी दोर अडकवतो, शिट्ट्या वाजतात आणि मुंबईच्या लोकलइतकाच वेळ थांबते. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचे, मग पटकन चढून आत सरकायचे. मागच्या उघड्या भागात घोटाळलात तर शिट्टीवाला रागावतो. वाहकाच्या हातात पत्र्याची लांब नळी असते. ती तो खुळखुळवत फिरतो, तुमचे सुटे त्यात टाकतो आणि तिच्याच कडेने तिकीट फाडून देतो. वीस-वीसच्या नोटा जवळ ठेवा. था चांग धक्क्यावर उतरावे. संध्याकाळी सातच्या सुमारास या बोटी बंद होतात, परतीचा हिशेब तसा ठेवावा. बोट नको असेल तर २०१९ मध्ये सुरू झालेले सानाम चाई हे भुयारी स्थानक आहेच. तिथून वाट फो पाच मिनिटांवर, राजवाड्याचे दार मात्र चांगले पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर येते.

हे चालणेच फसवणुकीचे मूळ आहे, म्हणून नीट समजून घ्यावे. राजवाड्याची तटबंदी चहूबाजूंनी मिळून १९०० मीटर लांब आहे आणि पर्यटकांना प्रवेश फक्त उत्तरेच्या दाराने. बाकीची दारे बंदच असतात. दक्षिणेकडून भिंतीच्या कडेने येणारा माणूस बंद दार पाहून थबकतो आणि तेवढ्यात इस्त्रीच्या कपड्यांतला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक सभ्य गृहस्थ सांगतो, "आज बंद आहे, बौद्ध सण आहे, दुपारी एकला उघडेल, तोवर वीस बाटमध्ये टुक-टुक रिक्षा तीन देवळे दाखवील." दार समोर बंद दिसत असल्याने हे खरेच वाटते. तीन देवळांच्या मध्ये एक रत्नांचे आणि एक शिंप्याचे दुकान येते, आणि वीस बाटमधला तोटा दुकानाच्या दलालीतून भरून निघतो. 'इथे घ्या, मुंबईत दुप्पट भावाने विका' हे ऐकून घेतलेले नीलम मुंबईत निम्म्या भावालाही जात नाहीत. राजवाडा रोज साडेआठला उघडतो, तिकीटविक्री साडेतीनला थांबते. राजघराण्याच्या समारंभासाठी कधी बंद असलाच तर ते उत्तरेच्या दारावरचा गणवेशातला पहारेकरी सांगेल, रस्त्यावरचा माणूस नव्हे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

कपडे : स्त्री असो वा पुरुष, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घट्ट लेगिंग चालत नाही, फाटक्या फॅशनची जीनही नाही. बिनबाह्यांच्या झग्यावर ओढणी पांघरून भागवू देतीलच असे नाही. सलवार-कुर्ता किंवा पूर्ण पँट आणि बाह्यांचा शर्ट घातला की प्रश्न मिटतो. दारासमोर हत्तींच्या छापाचे पायजमे विकणाऱ्यांचा धंदा निव्वळ या नियमावर चालतो.

साडेआठला आत शिरावे. नऊनंतर बसगाड्यांचे गट येतात आणि अकरानंतर फरशी तापते. राजवाड्याच्या आवारातल्या देवळात पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती पाचूची नाही, हिरव्या दगडाची आहे, उंची ६६ सेंटिमीटरच्या आसपास आणि बसवलेली बरीच उंचावर. लांबून ती लहानच दिसते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तीन ऋतूंची तिची तीन वस्त्रे आहेत आणि ऋतू बदलला की ती बदलण्याचा मान राजाचा. आत छायाचित्र घेता येत नाही. खाली बसताना पाय मागे दुमडून घ्यावेत, तळवे मूर्तीकडे होऊ देऊ नयेत.

बहुतेक लोक इथूनच बाहेर पडतात आणि मराठी माणसाने ज्यासाठी यावे ते बघायचे राहते. देवळाभोवतीच्या ओवरीत भिंतभर रामाकिएनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ चित्रे आहेत. सुरुवात उत्तरेकडून, विहान योत या इमारतीसमोरच्या दारापाशी. पुढे प्रदक्षिणेच्या दिशेने जायचे. सगळी पाहायला अर्धा दिवसही पुरणार नाही, निदान पाऊण तास द्यावा. पांढरा मारुती शोधला की कथा सापडते. एका चित्रात तो अक्राळविक्राळ होऊन रामाचा अख्खा तळ आपल्या तोंडात घेऊन बसला आहे, राक्षसाने रात्रीतून रामाला पळवू नये म्हणून. हा मारुती ब्रह्मचारी नाही. सोनेरी मत्स्यकन्येपासून त्याला मुलगाही झाला आहे. समर्थांच्या अकरा मारुतींवर वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागेल, लागू द्यावा. दारांवर उभ्या असलेल्या राक्षसांच्या जोड्यांत हिरव्या चेहऱ्याचा तो रावण. दहा तोंडे आडवी शोधू नका, ती मुकुटात एकावर एक रचली आहेत. राजवाड्याच्या तिकिटातच साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहातला खोन हा मुखवट्यांचा रामायण-नृत्यप्रकार येतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसते आणि तिकीट कचऱ्यात जाते. खोनचे प्रयोग शनिवार-रविवारी नसतात.

वाट फोचे तिकीट आता ३०० बाट आणि वाट अरुणचे २००; २०२३ पर्यंत २०० आणि १०० होते, तेव्हा जुन्या पुस्तकांवर विसंबू नये. वाट फोमधला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. सगळे डोक्याच्या बाजूने छायाचित्र काढून निघतात, पण शिंपल्याच्या जडावाची १०८ शुभचिन्हे तळव्यांवर आहेत. तिथून था तिएन धक्क्यावरची होडी पाच बाटमध्ये पलीकडे वाट अरुणला नेते. मधल्या मनोऱ्याच्या पायऱ्या खड्या आहेत. चढताना काही वाटत नाही, उतरताना गुडघे बोलतात.

हे सगळे एका दिवसात होते, पण उन्हात सहा-सात किलोमीटर चाल होते हे ज्येष्ठांनी आधीच समजून असावे. दुसऱ्या सकाळी वाट साकेतची सुवर्ण टेकडी करावी. ३४४ पायऱ्या, पण चढ सौम्य. उत्तर प्रदेशाच्या सीमेवरील पिप्रहवा येथे १८९८ मध्ये सापडलेल्या बुद्धाच्या अस्थींचा एक भाग ब्रिटिश सरकारने पाचव्या राम राजाला दिला, तो याच टेकडीवर आहे. नवयान बौद्धांच्या सहली बोधगया, कुशिनगर करतात. बँकॉकला गेल्यावर इथे मात्र क्वचितच नेल्या जातात. जवळच्या धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट प्रातूनामला पंधरा मिनिटांत पोचते, तेही रस्त्यावरची वाहतूक टाळून. पाणी घाण आहे. कडेला बसलात तर दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर धरायचे काम तुमचे. पूल आला की छप्पर खाली येते, उभे राहू नका. लहान मुलांना घेऊन या बोटीत जाऊ नये.

शाकाहारींसाठी दोन शब्द. 'नो मीट' म्हणून भागत नाही. मासळीचे पाणी भाज्यांतही पडते आणि पॅड थाईत सुका जवळा असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर शोधा, ते इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसते. त्याचा उच्चार 'जे'. या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय झाली. पाकीटबंद खाऊवरही हेच चिन्ह असते. आपल्या चवीचे हवे असेल तर सम योतजवळचे फाहुरात गाठावे. तिथल्या गुरुद्वारात लंगर असतो.

१ मे २०२५ पासून विमान उतरण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो, प्रत्येक पासपोर्टचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. थायलंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ नकली समजावे. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, सामानात नेऊ नये.

सहल कंपन्यांना आमची सूचना एवढीच : पट्टायाहून सकाळी नाश्त्यानंतर निघण्याऐवजी आदल्या संध्याकाळी निघा. दीडशे किलोमीटर, अडीच तासांचा रस्ता. एक रात्र इकडची तिकडे केली की बँकॉकला दोन सलग सकाळी मिळतात, एक राजवाड्याची, एक टेकडीची. आणि संपादक महाशय, आपण जाहिराती घेताना निदान 'दुकानांचे थांबे किती' हा रकाना छापायला लावलात तर फार बरे होईल.

कळावे,
आपले विश्वासू,
सहली आखून देणारे दोघे, डोंबिवली