बाबा, ताट आतल्या खोलीत नेऊ नका

पुणे

ती. बाबा आणि आईस,
सा. नमस्कार.

गणपतीत इंदूरला आले तेव्हा बाबा ताट घेऊन आतल्या खोलीत जात होते. "त्यांना निवांत लागतं," आई म्हणाली. पण दाराआडून ठसका ऐकू येत होता. तो अजून माझ्या कानात आहे.

बाबा, कॅन्सरवरचा रेडिएशनचा शेक संपून तीन वर्षं झाली, मग आत्ता का घास अडतो, असं विचारून तुम्हीच "वय झालं" म्हणालात. नुसतं वय नाही हो. रेडिएशन मिळालेले गळ्याचे स्नायू कधी कधी काही वर्षांनी कडक होत जातात. त्यात लाळ कमी, म्हणून घास भिजत नाही, सरकत नाही. गिळण्याचे व्यायाम तुम्ही सहा महिन्यांत सोडलेत, तेही भोवलं असेल. आई, तू फोनवर हळूच विचारलंस, "पुन्हा तेच तर नाही ना?" डॉक्टरांना दाखवायचंच, पण दर वेळी तेच असतं असं नाही.

ठसक्याची तुम्हाला लाज वाटते. अहो, ठसका लागतो म्हणजे शरीर चुकलेला घास परतवतंय. काहींच्या गळ्याची जाणीव इतकी मंदावते की पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला येत नाही, आणि पुढे न्यूमोनिया होतो. गेल्या थंडीत तुम्हाला दोनदा ताप आला, आपण हवेवर ढकललं. मलाही तेव्हा सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

गिळण्याची तपासणी करून घेऊ. बेरियम घातलेला घास देतात आणि तो कुठे वळतो ते एक्स-रेवर चालू चित्रासारखं दिसतं. मान झुकवून गिळायचं का, पाणी दाट करायचं का, हे स्पीच थेरपिस्ट त्यावरून ठरवतील. एकाला लागू पडतं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही, तेव्हा आई, ऐकीव उपाय नकोत. ठसका लागला की लगेच पाणी देऊ नकोस, आधी खोकू दे. जेवण ताठ बसून, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पोह्यांवरची शेव सध्या बंद. सराफ्यातला भुट्ट्याचा कीस चालेल का, ते मीच विचारणार आहे.

शनिवारी सकाळी पोचते. गुरगुट्या भात करून ठेव, तूप-मेतकूट घालून. बाबा, पान बाहेर आमच्याबरोबर मांडायचं. तुम्हाला तास लागला तरी मी शेजारी बसेन.

तुमची,
मनू