आकडा झाकून डाव बघू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तेव्हाचा बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह आणि आयबीएमचा बुद्धिबळ खेळणारा संगणक डीप ब्लू यांच्या १९९७च्या लढतीवरचा लेख आपल्या क्रीडा पानावर वाचला. कास्पारोव्हने दुसरा डाव बरोबरीत सुटण्याजोगा असताना सोडला, हे आज कुठलाही मोबाइल सांगतो, असे म्हणून लेखकाने विषय आटोपला आहे. मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवते. हा डाव इतक्या घाईने मिटवू नये, असे मला मनापासून वाटते.

४ मे रोजी न्यूयॉर्कला झालेला हा डाव मी मुलांपुढे पटावर मांडते, मोबाइल दप्तरात ठेवायला लावून. ३६व्या खेळीपाशी थांबते. पांढरी डीप ब्लूची, काळी कास्पारोव्हची. पांढऱ्याचा वजीर एफ२वर आहे (अक्षर पटावरची उभी रांग सांगते, आकडा आडवी). तो बी६वर घुसवला की प्यादी मिळतात. बहुतेक मुले तेच सुचवतात, कास्पारोव्हचीही यंत्राकडून तीच अपेक्षा होती. डीप ब्लूने मात्र आधी बी५वर प्याद्यांची मारामारी केली आणि सी२वरचा उंट ई४वर आणून बसवला. का? वर्ग बराच वेळ गप्प असतो. मग कुणीतरी काळ्याचे ई५चे प्यादे पुढे सरकवून बघते आणि उलगडा होतो. ते प्यादे ई४वर गेले असते तर डी६चा उंट मोकळा झाला असता, काळ्या वजिराला ई५चे घर मिळाले असते आणि पांढरा प्यादी खात बसला असताना त्याच्याच राजावर हल्ला आला असता. उंटाने ती वाटच बुजवली. हीच खेळी इंजिनने, म्हणजे डाव तपासून कोण किती वरचढ ते आकड्यात सांगणाऱ्या संगणक प्रोग्रामने, क्षणात दाखवली, तर मुलांना खेळी कळते, कारण कळत नाही.

आता शेवट. ४५व्या खेळीला पांढऱ्याचा हत्ती ए६वर आला आणि कास्पारोव्हने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला सांगितले: वजीर ई३! डी६चा उंट जाऊ द्यायचा, हत्ती ई८वर आणायचा आणि पांढऱ्या राजाला शहांवर शह देत राहायचे, की डाव बरोबरीत सुटतो. यंत्राने आदल्याच खेळीत राजा एफ१वर नेऊन ही फट ठेवली होती. जगज्जेत्याला ती दिसली नाही, कारण माझ्या मते त्याने ती शोधलीच नाही. सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणारे आणि उंट ई४ खेळणारे यंत्र अशी फट ठेवणार नाही, हे त्याने मनाशी धरले होते.

तोच भरवसा आज घरोघरी दिसतो. स्पर्धेच्या हॉलबाहेर पालक मोबाइलवर मुलाचा डाव टाकतात, कोण वरचढ ते दाखवणारी इंजिनची पट्टी खाली घसरली की तिथेच पोराला बोलायला लागतात. ती खेळी करताना मुलाच्या मनात काय होते, हे कुणी विचारत नाही. मला याचा फार त्रास होतो.

इंजिनला माझा विरोध नाही. त्याच्याशिवाय आज मोठ्या स्पर्धांची तयारी होत नाही. पण स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनचा आकडाही विचाराला दिलेल्या वेळेनुसार बदलतो, लांबलचक शहांच्या मालिकेत तर हमखास. म्हणून आधी स्वतः वजीर ई३ खेळून बघावे. पांढऱ्याने उंट मारल्यावर हत्ती ई८, मग राजाला पळायला जागा म्हणून पांढऱ्याने प्यादे एच४वर सरकवले तर काळ्याने आपले एच५वर, आणि पुढे राजा पळतो कुठे, हे बोटाने पटावर तपासावे. इंजिन त्यानंतर उघडावे आणि जिथे आपले उत्तर त्याच्याशी जुळत नाही तिथेच रेंगाळावे.

आपल्याला एक विनंती आहे. क्रीडा पानावर आठवड्यातून एकदा नुसती आकृती छापावी, इंजिनच्या आकड्याशिवाय, आणि विश्लेषण पुढच्या आठवड्यात द्यावे. सुरुवात याच डावाच्या शेवटच्या स्थितीने करता येईल. खाली एवढेच लिहावे: काळ्याची खेळी.

आपली,
एक बुद्धिबळ शिक्षिका, सांगली